दांडा हलू द्यायचा नाही

मोजणीचं यंत्र लावून उभा असलेला माणूस आंधळा असतो, अशी आपल्याकडे खेड्यापाड्यात पक्की समजूत आहे. पाठीत वाकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा दुर्बिणीला चिकटलेला. त्याच्या मागून म्हैस गेली काय आणि वरात गेली काय, त्याला पत्ता नसतो. ही समजूत निम्मी खरी आहे. पाठीमागचं आम्हाला काही दिसत नाही. पण समोरचं जे दिसतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, हे मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. नोकरीभर मी या समजुतीच्या आडोशाला सुखानं राहिलो आणि कैक भांडणं 'पाहिली नाहीत'. एकदा तिनंच मला कोर्टाच्या पिंजऱ्यात नेऊन उभं केलं. ती हकिगत सांगतो.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. हा शब्द आमच्या नेमणुकीच्या कागदावर असतो. गावात आम्ही नुसते 'मोजणीवाले'. राहायला संभाजीनगरात, सिडकोत. नोकरी आधी सोयगावला आणि मग शेवटपर्यंत कन्नड तालुक्यात. काम सांगायला सोपं आहे. शेजारी-शेजारी बांधावरून भांडतात. एकजण मोजणीचा अर्ज करतो. आम्ही लगतच्या खातेदारांना नोटिसा काढतो, ठरल्या दिवशी जातो, जुन्या नकाशाप्रमाणे हद्द कुठं येते ते जमिनीवर दाखवतो, खुंट्या ठोकतो, सह्या घेतो आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी येतो. ज्याची जमीन वाढते तो म्हणतो, "बघा, मी म्हणतच होतो." ज्याची घटते तो म्हणतो, "साहेबानं खाल्लं." खाणाऱ्यांची आमच्या खात्यात टंचाई होती, असा दावा मी करणार नाही. मी खाल्लं नाही, एवढंच सांगतो. आणि त्यात सद्गुणापेक्षा भित्रेपणाचा वाटा मोठा होता.

नवा असताना एका जुन्या साहेबांनी मला सांगितलं होतं, "गावात चहा घ्यायचा तर दोन्ही पक्षांकडं घ्यायचा, नाहीतर कुणाकडंच नाही." सोयगावला मला हे विसरणं भोवलं. दोन चुलतभावांची मोजणी होती, ऊन असं की डोकं फुटावं. एकाच्या घरून ताक आलं आणि मी ते प्यायलो. माप दुसऱ्याच्या विरोधात गेलं. आठवड्यात तक्रार आली, 'सदर कर्मचाऱ्याने ताक पिऊन माप दिले'. ताकात जिरं होतं हेही त्यात लिहिलं होतं. साहेबांनी खुलासा मागितला. मी लिहून दिलं की ताक आंबट होतं, त्यामुळे उपकृत होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तेव्हापासून पाण्याची बाटलीसुद्धा घरूनच नेऊ लागलो.

त्याच साहेबांचा दुसरा सल्ला असा की आपण गावात जमीन बघायला जातो, माणसं बघायला नाही. हा मात्र मी तंतोतंत पाळला. माझ्या डोळ्यांदेखत सख्ख्या भावानं भावाचा दात पाडलाय. जमादारानं विचारलं तर मी यंत्राकडं बोट दाखवलं, "डोळा इकडं होता." जमादारानं मान हलवली. एवढं सोपं होतं ते.

तिसरा सल्ला दांड्याचा. तो नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमचं यंत्र तिवईवर एका जागी उभं असतं. जिथलं अंतर घ्यायचं तिथं मदतनीस एक उंच दांडा घेऊन उभा राहतो. दांड्याच्या वरच्या टोकाला काचेचा प्रिझम असतो. यंत्रातून किरण जातो, प्रिझमवरून परत येतो आणि अंतर कळतं. पण दांडा अगदी सरळ उभा पाहिजे. त्यासाठी त्याच्या मध्यावर एक छोटी काचेची डबी असते, तिच्यात हवेचा बुडबुडा. बुडबुडा गोलाच्या मधोमध राहिला तर दांडा सरळ. एका हातानं दांडा धरला की बुडबुडा पळालाच. दोन्ही हात लागतात आणि डोळे बुडबुड्यावरून हलवायची सोय नसते. आता हा दांडा कुणी जाणूनबुजून वीतभर इकडं धरला, तर बांध तेवढा सरकलाच. म्हणून दांडा पक्षकाराच्या हातात कधीही द्यायचा नाही. आमच्या धंद्यात ही चूक म्हणजे न्हाव्यानं वस्तरा गिऱ्हाइकाच्या हातात देण्यासारखी.

माझा दांडा धरायचे ते गफूरभाई. आमच्याच कचेरीतले शिपाई, माझ्यापेक्षा वयानं थोडे मोठे, शहरातल्या बुढीलेनचे. रोज सकाळी क्रांती चौकातून आम्ही एकत्र निघायचो. गफूरभाई दांडा धरायचे तेव्हा अंगावर माशी बसली तरी हलत नसत. उतारवयात मात्र त्यांचे गुडघे गेले होते.

तर पिशोरजवळच्या एका वाडीवर मोजणी होती. अर्जदार लक्ष्मण. घरी मेंढरं आणि ओढ्याकाठी थोडी शेती. वडलांनी हयातभर मेंढरं फिरवून, उतरत्या वयात एका जागी बसावं म्हणून ती जमीन घेतली होती. ते गेले, आता घरात लक्ष्मण, त्याची आई सोनाबाई आणि बायको-पोरं. शेजारचं मोठं रान दगडूनानांचं. नाना गावातले वजनदार गृहस्थ, गोड बोलणारे. त्यांचा पुतण्या विलास वाळूजला कंपनीत होता आणि मोजणीसाठी मुद्दाम रजा टाकून आला होता. भांडण होतं ओढ्याकडच्या एका पट्टीचं. नाना ती कसत होते, लक्ष्मण म्हणत होता ती आमची. दुपारपर्यंतच्या मापांवरून मला दिसायला लागलं होतं की लक्ष्मण खरं बोलतोय. हे मी तोंडावर दिसू दिलं नव्हतं. तरी विलासला वास लागला असावा. तो लिंबाखालच्या घोळक्यातून उठून कुठंतरी निघून गेला.

शेवटचा कोपरा राहिला होता, ओढ्यात उतरून बाभळींच्या पलीकडं. मधल्या फांद्या तोडून यंत्राला वाट करून द्यायला लक्ष्मण आधीच कुऱ्हाड घेऊन खाली उतरला होता. गफूरभाई काठापर्यंत गेले आणि थांबले. त्यांचा फोन आला.

"साब, नीचे नै उतर सकता. घुटना जवाब दे गया."

ऊन उतरायला लागलेलं. एका मापासाठी पुन्हा नोटिसा, पुन्हा तारीख, पुन्हा हा सगळा तमाशा. मी म्हणालो, "लक्ष्मणकडं द्या."

"पार्टी कू?"

"द्या हो. मी बघतोय ना दुर्बिणीतून."

गफूरभाईंनी काठावरून दांडा खाली सोडला आणि ते लंगडत माघारी निघाले. मी लक्ष्मणला फोन लावला. खुंटी ठोकलेली होती तिथं दांडा टेकवायला सांगितलं. "दोन्ही हातांनी धर. बुडबुडा गोलात ठेव. फोन चालू राहू दे, खिशात टाक. मी सांगेपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचंही नाही."

"व्हय साहेब," म्हणाला. कुऱ्हाड खांद्याला अडकवली, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि उभा राहिला. मेंढरामागं काठीवर भार देऊन उभं राहणाऱ्या माणसाला उभं राहायला शिकवावं लागत नाही. मी माझा फोन तिवईच्या खणात ठेवला, आवाज मोठा केला आणि डोळा लावला.

दुर्बिणीत गोल असतो आणि त्या गोलात जग फार थोडं मावतं. माझ्या गोलात प्रिझम होता. त्याच्याखाली दांड्यावरचे दोन हात दिसले, खाली वाकलेली मान दिसली आणि खांद्यावर कुऱ्हाडीचं पातं. आणि मग गोलात निळा शर्ट आला. विलास. तो पलीकडच्या अंगानं ओढ्यात उतरला होता. लिंबाखाली बसलेल्या कुणालाही तिथलं काही दिसत नव्हतं. मधे काठ होता, बाभळी होत्या. फक्त माझ्या यंत्रापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक चिंचोळी वाट लक्ष्मणनं तोडून ठेवली होती.

फोनमधून आवाज येत होता. "कुनी सांगितलं रं तुला हितं हुबं राहायला? बापाची जागा हाय का?" लक्ष्मण गप्प. मीच सांगितलं होतं बोलायचं नाही. "बोल की! तोंड शिवलं का?" विलासनं त्याला खांद्यावर ढकललं. लक्ष्मण हलला आणि लगेच सावरला. त्यानं आधी बुडबुड्याकडं पाहिलं. विलासनं एक थोबाडीत दिली. मला गाल हललेला दिसला आणि आवाज फोनमधून आला. दोन्ही हात दांड्यावर तसेच. हा माणूस आपल्याला जुमानतच नाही असं वाटून विलास आणखी पेटला असणार. त्यानं लक्ष्मणच्या खांद्यावरची कुऱ्हाड ओढून घेतली.

हा आता डोक्यात घालतो, असंच वाटलं. पातं वर गेलं, गोलाच्या बाहेर. मग खाली आलं ते लक्ष्मणच्या पायाजवळच्या खुंटीवर. खुंटी फुटली. पुन्हा वर गेलं, पुन्हा आलं. या वेळी ते खुंटीशेजारच्या जुन्या हद्दीच्या दगडावर बसलं, निसटलं आणि विलासच्या स्वतःच्या नडगीत शिरलं. निळा शर्ट गोलातून खाली गेला. किंकाळी आधी फोनमधून आली आणि मग रानातून.

त्याच वेळी यंत्रानं बीप केलं. माझं बोट कधी बटणावर पडलं मला माहीत नाही. माप आलं होतं.

सगळे धावले. आम्ही पोचलो तेव्हा विलास पाय धरून लोळत होता, रक्ताचं थारोळं, कुऱ्हाड बाजूला. आणि लक्ष्मण दांडा धरून तसाच उभा. चेहरा पांढराफटक.

"लक्ष्यानं कुऱ्हाड घातली रं!" नाना ओरडले.

"ह्याच्याच कुऱ्हाडीनं," विलास कण्हत म्हणाला. ते खरंच होतं. कुऱ्हाड लक्ष्मणचीच होती. हात कुणाचा होता, हे त्या गोंधळात कुणी विचारलं नाही. नंतर दवाखान्यात जबाब लिहून घेताना विलासनं हातही लक्ष्मणचाच सांगितला.

विलासला जीपमध्ये घालून नेलं. जमादार आले. लक्ष्मण एकच वाक्य म्हणत होता, "साहेबांला इच्यारा. साहेब बघत व्हते."

जमादार माझ्याकडं वळले. "काय साहेब, काय पाहिलं?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "त्यांला काय दिसनार? डोळा यंत्राला लावून बसले व्हते."

जमादारांनी मान हलवली. तीच मान, जी मी आजवर इतक्या जणांना हलवायला लावली होती. मी हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. लक्ष्मण माझ्याकडं पाहत राहिला. त्याला जीवे मारण्याच्या प्रयत्नाच्या कलमाखाली गाडीत बसवून नेलं.

मी का बोललो नाही? त्या वेळी माझ्याकडं उत्तर तयार होतं आणि ते मला फार सज्जन वाटत होतं. लक्ष्मणचे दोन्ही हात दांड्यावर होते, हे सांगायचं तर दांडा पक्षकाराच्या हातात होता हे सांगावं लागणार. ते सांगितलं की मोजणी रद्द. कष्टानं त्याच्या बाजूला आलेली पट्टी परत वादात. म्हणजे मी गप्प राहून त्याची जमीनच वाचवतोय, असं मी स्वतःला समजावलं. निवृत्ती जवळ आली होती, चौकशी लागली असती, ही बाब मी मुद्दाम शेवटी मोजायचो. माणूस स्वतःला समजावताना किती हुशार होतो!

लक्ष्मणला जामीन मिळाला नाही. तो हर्सूलला तुरुंगात गेला. एसटीत गफूरभाई खिडकीबाहेर बघत एकदा म्हणाले, "साब, मैं पूछता नै आपने क्या देखा. मैं दांडा उसकू दिया था, इत्ताच मेरेकू मालूम है. कोई पूछेगा तो बोल देना, गफूर ने दिया. मेरी नौकरी किती राह्यली?"

"मी द्या म्हणालो होतो, गफूरभाई."

"हौ. वो बी मालूम है."

पुढं आम्ही पिशोरचा विषय काढला नाही.

सोनाबाई एक दिवस कचेरीत आली. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसली होती. मी बाहेर आलो तशी उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "साहेब, पोरगं म्हनतंय तुमी बघितलं. मी त्याला म्हनलं, येड्या, साहेबानं बघितलं आसतं तर बोलले नसते का? तेवढं मोठं मानूस."

मी म्हणालो, "मावशी, तारखेला मला बोलावलंय. मी येणार आहे."

"ते झालं. बघितलं का नाय?" तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "नाय आसंल तर नाय म्हना. मंग मी त्याला सांगते, आता गप बस, साहेबांचं नाव घेऊ नको. लई आस लावून बसलाय."

आत साहेबांनी बोलावलंय असं काहीतरी पुटपुटून मी आत गेलो. आत कुणी बोलावलं नव्हतं. खिडकीतून पाहिलं तर ती बराच वेळ तिथंच उभी होती. मग हळूहळू फाटकाबाहेर गेली.

सरकारी वकिलांनी मला बोलावलं होतं ते घडली जागा कुणाच्या हद्दीत येते एवढं सांगायला. नकाशा दाखवायचा आणि उतरायचं. तारखेच्या आधी दगडूनाना सिडकोत घरी आले, मोटारीतून. सोबत आल्याचं एक पोतं. त्यांच्याकडं आल्याचं पीक मोठं.

"घरचं हाय. वहिनींच्या चहाला."

"नाना, मी कुणाकडचं..."

"ठावं हाय की. तुमचं ताकाचं बी ठावं हाय आमाला," असं म्हणून ते मनापासून हसले. मग खुर्चीत पुढं सरकून बसले. "साहेब, आमी सोयीचं बोलतो. दांडा कुनाच्या हातात व्हता, हे आमी इचारत नाय. इचारलं आसतं तर मोजनी कवाच उडाली आसती, आन तुमची बी निवृत्ती सुखाची झाली नसती. आमी गप, तुमी गप. नकाशा दाखवा आन घरी या."

"आणि लक्ष्मण?"

"त्याचं त्यो आन कोर्ट."

ते गेले. पोतं दारात राहिलं. माझी बायको मंदा आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिनं पोत्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या नियमानं आता दुसऱ्या पक्षाकडूनही काहीतरी आणलं पाहिजे. काय आणणार त्याच्याकडून? हर्सूलचं पाणी?" तिनं त्या पोत्याला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. तारीख येईपर्यंत आल्याला कोंब फुटले. रोज दारातून जाता-येता ते हिरवे कोंब दिसायचे आणि रोज माझा चहा कडू व्हायचा.

कोर्टाच्या दिवशी रिक्षा क्रांती चौकात अडकली, तेव्हा मला बरं वाटलं. अशीच अडकून राहावी असं वाटलं. पण चौक सुटला. कोर्टात लक्ष्मण पोलिसांच्या मधे बसला होता, वाळून निम्मा झालेला. मला पाहून त्यानं हात जोडले. नाना मागच्या बाकावर होते आणि विलास त्यांच्याशेजारी, काठी घेऊन. सोनाबाई दाराशी.

पुकारा झाला. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी नकाशा दाखवला, सही ओळखायला लावली, हद्द विचारली. मी सांगितली. ते बसले. माझं काम संपलं होतं. लक्ष्मणची वकीलबाई सरकारनं दिलेली, तरुण होती. ती उठली. वकील कधी उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारत नाहीत म्हणतात. तिला माहीत नव्हतं मी काय म्हणेन. पण तिच्याजवळ गमावण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

"घटना घडली तेव्हा तुमच्या मोजणीचा दांडा कुणाच्या हातात होता?"

नाना बाकावर पुढं सरकले. 'शिपायाच्या' एवढा एक शब्द म्हटला की मी सुटत होतो. मोजणी सुटत होती, नोकरी सुटत होती. मी दाराकडं पाहिलं. सोनाबाई पदर तोंडाला लावून उभी होती, आणि मला तिचं कॉरिडॉरमधलं बोलणं आठवलं. साहेबानं बघितलं आसतं तर बोलले नसते का?

"आरोपीच्या," मी म्हणालो.

"एका हातात की दोन्ही?"

"दोन्ही. एका हातानं तो धरताच येत नाही."

"तुम्ही काय पाहिलं?"

मग मी सगळं सांगितलं. निळा शर्ट, थोबाडीत, कुऱ्हाड, खुंटी, दगड, नडगी. एकदा बोलायला लागल्यावर थांबायला जमेना. न्यायाधीशांनी विचारलं, "एवढ्या लांबून तुम्हाला हे दिसलं?"

"साहेब, त्या दुर्बिणीतून सदऱ्याचं बटण दिसतं. आणि फोन चालू होता, ऐकूही येत होतं."

सरकारी वकील उसळून उठले. "मग पोलिसांना का सांगितलं नाही? तुम्हाला विचारलंच नाही असं म्हणायचंय का?"

"विचारलं होतं. उत्तर दुसऱ्यानं दिलं. मी गप्प बसलो."

"दांडा पक्षकाराच्या हातात देणं नियमात बसतं का?"

"नाही."

"म्हणजे तुमची मोजणीच चुकीची!"

"माप चूक नाही, साहेब. पण पद्धत चुकली. मोजणी रद्द होईल." हे मी लक्ष्मणकडं बघून बोललो. त्याला कळायला हवं होतं की मी त्याला काय देतोय आणि त्याचं काय घेतोय. त्यानं मान हलवली. कळलं होतं की नाही, मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

उलटतपासणीत विलासचा जबाब टिकला नाही. लक्ष्मण निर्दोष सुटला. नानांनी दुसऱ्याच दिवशी हरकत घेतली, मोजणी रद्द झाली. हरकत आली की वरचे अधिकारी पुन्हा मोजतात, त्याला आमच्याकडं निमताना म्हणतात. ती निमताना मोजणी अजून व्हायची आहे आणि पट्टी नानाच कसताहेत. माझी चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली आणि निरोप समारंभाला साहेब आले नाहीत. गफूरभाईंनी मात्र स्वखर्चानं हार आणला. आल्याचं पोतं मंदानं कोंबांसकट नानांच्या मोटारीच्या टपावर ठेवायला लावलं, निकालाच्या दिवशी, कोर्टाच्या आवारात. तो प्रसंग मी आयुष्यभर विसरणार नाही. खरं सांगायचं तर त्यातली हिंमत तिची, मी नुसतं पोतं उचललं.

यंदा पाडव्यानंतर लक्ष्मण सोनाबाईला घेऊन सिडकोत आला. आईला डोळ्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. मंदानं चहा केला. नोकरी संपली होती, तरी एका पक्षाबरोबर बसून चहा घेताना मला उगीच चोरट्यासारखं वाटलं. पट्टीचा विषय निघाला. मी म्हणालो, "तुझी जमीन माझ्यापायी अडकली रे."

"जमीन कुठं पळून जातीय, साहेब? म्या बाहीर हाय, मेंढरं हायती." आणि हसला.

कितीतरी दिवस मनात असलेलं मी विचारून टाकलं. "लक्ष्मण, त्यानं ढकललं, तोंडात मारली, कुऱ्हाड ओढून घेतली. डोक्यात घातली असती तर? दांडा टाकून तू पळाला का नाहीस?"

त्याला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. त्यानं कप खाली ठेवला.

"कसा पळनार, साहेब? तुमी फोनवर म्हनला व्हता, मी सांगंस्तोवर हलायचं नाय. म्या कान लावून व्हतो की खिशाला. आता सांगतील, आता सांगतील." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, घडलं तसं सांगत होता. "तुमी सांगितलंच नाय."

फोन चालू होता. माझ्या हाताजवळ, तिवईच्या खणात. 'सोड' एवढा एक शब्द पुरला असता. मी बघत होतो.